कुत्र्याला साप चावला तर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

साप चावलेल्या कुत्र्याचा वेळ दवाखान्याच्या वाटेवर जातो त्याहून जास्त घराच्या आवारातच जातो. आधी साप शोधायचा, मग तो मारायचा, मग कुत्र्याचा पाय आवळून बांधायचा, जखम धुवायची, थोडं पाणी पाजून बघायचं, आणि हे सगळं उरकल्यावर डॉक्टरांना फोन. तो फोन लागतो तेव्हा कळतं की त्या दवाखान्यात प्रतिविषच नाही. यातली बरीच कामं मुळात करायचीच नसतात. जी करायची असतात ती उलट्या क्रमाने होतात.

सापाच्या विषावर खरं औषध एकच आहे: प्रतिविष, म्हणजे ज्याला आपण बोलताना अँटीव्हेनम म्हणतो. ते शिरेतून, सलाइनमधून, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावं लागतं. घरी त्याला पर्याय नाही. त्यामुळे तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात. कुत्र्याला लवकर पोहोचवायचं, आणि पोहोचेपर्यंत त्याचं आणखी नुकसान होऊ द्यायचं नाही. खालचा सगळा क्रम एवढ्यासाठीच आहे.

## आधीची तयारी: काही घडण्याआधीच करायचे फोन

हा भाग बहुतेक जण वगळतात. माझ्या मते संपूर्ण लेखात सर्वांत जास्त जीव वाचवणारा भाग हाच आहे.

जवळच्या दोन-तीन पशुवैद्यकीय दवाखान्यांना फोन करा आणि हे विचारा:

1. सर्पदंशाचं प्रतिविष तुमच्याकडे शिल्लक असतं का? असेल तर किती कुप्या? एका कुपीत काम भागेलच असं नाही. ते नसेल तर तुम्ही कुठून आणता, आणि त्याला किती वेळ लागतो?
2. ते कोणकोणत्या सापांच्या विषावर चालतं?
3. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी डॉक्टर असतात का? की फक्त फोन उचलला जातो?
4. ऑक्सिजनची सोय आहे का? श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वास देता येतो का?

दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. प्रतिविष ज्या सापांच्या विषापासून बनवलेलं असतं त्यांच्यावरच ते भरवशाने चालतं. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी आहे. चापडा या हिरव्या विषारी सापाच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकसाठीचं प्रतिविष वेगळं असतं, ऑस्ट्रेलियातल्या टायगर स्नेकसाठीचं वेगळं. तुमच्या भागात कोणते विषारी साप आहेत आणि दवाखान्यातल्या कुपीवर कोणत्या सापांची नावं आहेत, हे दोन्ही जुळलं पाहिजे.

मिळालेली उत्तरं कागदावर लिहून दाराजवळ लावा. फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका, कारण घरातल्या दुसऱ्या कुणावर वेळ आली तर तुमचा मोबाइल त्यांच्या हातात नसेल. त्याच कागदावर कुत्र्याचं वजन, वय, चालू औषधं, जुने आजार आणि कशाची ॲलर्जी असेल तर तेही लिहा.

एका पिशवीत जाड चादर, टॉर्च, पेन, कापडी पट्टी, कात्री आणि स्वच्छ पाण्याची बाटली ठेवा. कुत्रा मोठा असेल तर दोघांनी मिळून त्याला चादरीवर घेऊन गाडीपर्यंत नेण्याचा सराव एकदा करून बघा. तीस किलोचा निपचित पडलेला कुत्रा वाटतो त्यापेक्षा फार जड लागतो, आणि दारातून वळताना चादर सुटते.

तपासा: प्रतिविष असलेला दवाखाना सर्वांत जवळचा नसेलही. चांगला डॉक्टर जवळ असला तरी त्याच्याकडे प्रतिविष नसेल, तर सर्पदंशात थेट प्रतिविष असेल तिथेच जायचं. फक्त कुत्र्याचा श्वास अडखळत असेल तर आधी ऑक्सिजन आणि नळीची सोय असलेलं सर्वांत जवळचं ठिकाण गाठा, आणि वाटेतच पुढची व्यवस्था बोलून ठेवा.

## टप्पा 1: सापापासून दूर, आणि लगेच स्थिर

कुत्र्याला हाक मारून किंवा पट्टा धरून मागे घ्या. तुम्ही सापाच्या दिशेने जाऊ नका. साप एकदा चावला म्हणजे त्याचं विष संपलं असं होत नाही. तो पुन्हा चावू शकतो, कुत्र्याला आणि तुम्हालाही.

दूर आणल्यावर कुत्र्याला चालू देऊ नका. स्नायू हलले की विष त्या जागेतून लवकर शरीरभर पसरतं. त्याला बसवा किंवा कुशीवर आडवं करा, हलक्या आवाजात बोलत राहा, आणि आजूबाजूचा आरडाओरडा थांबवा. घाबरलेला कुत्रा धडपडतो, त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, आणि त्याचा फायदा विषालाच होतो.

गळपट्टा, हार्नेस, अंगावरचा कपडा लगेच काढा. कुत्र्यांना साप बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर चावतो, कारण कुत्रा हुंगायला नाक पुढे करतो किंवा पंजा मारतो. चेहऱ्यावरची सूज उतरून मानेवर आली की तोच पट्टा गळ्याला फासासारखा आवळतो.

सावधान: साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका. मेलेल्या, अगदी तुटलेल्या डोक्यालाही काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावता येतं. सुरक्षित अंतरावरून, एका जागी उभं राहून मोबाइलवर फोटो मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर सोडून द्या. साप न पाहताही लक्षणं आणि रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टर उपचार करतात.

## टप्पा 2: एका मिनिटाची पाहणी

साप चावताना कुणी पाहिलं असेल तर पाहणीत वेळ घालवू नका, सरळ टप्पा 3 वर जा. पाहिलं नसेल आणि फक्त शंका असेल, तर एक मिनिट या खुणा शोधा.

घोणस, फुरसं, रॅटलस्नेक अशा व्हायपर कुळातल्या सापांच्या दंशात चावल्याजागी लगेच दुखतं. सूज झपाट्याने वाढते, कातडी निळी-जांभळी पडते, आणि जखमेतून पातळ रक्त झिरपत राहतं, थांबत नाही. पुढे हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त दिसू शकतं.

नाग, मण्यार, कोरल स्नेक यांच्या कुळातल्या सापांचं विष मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायूंमधला संदेश तोडतं. पापण्या जड होतात, लाळ गळते, भुंकण्याचा आवाज बदलतो, मागचे पाय लटपटतात. नंतर चारी पाय ढिले पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. नागाच्या दंशात सूज आणि कातडी काळी पडणं हेही दिसतं. मण्यारीच्या दंशात मात्र चावल्याची खूणही बऱ्याचदा सापडत नाही.

केसांमुळे दातांच्या खुणा दडतात. केस बाजूला करत बघा, चिकट ओला ठिपका हाताला लागला तर तिथे टॉर्च मारा. पण खुणा मोजत बसू नका. दोन खुणा म्हणजे विषारी, अनेक बारीक खुणा म्हणजे बिनविषारी, हे गणित कुत्र्याच्या बाबतीत भरवशाचं नाही. एकच दात लागलेला असतो, किंवा झटापटीत तीन-चारदा चावलेलं असतं.

मधमाशीच्या डंखाने तोंड सुजतं, विषारी बेडूक तोंडात धरल्याने लाळ गळते, काही गोचिडांमुळे पाय लुळे पडतात, कीटकनाशक पोटात गेल्यानेही कुत्रा थरथरतो. घरी यांतला फरक करता आला नाही तरी चालेल, कारण हे सगळेच कुत्रे दवाखान्यातच न्यायचे असतात.

सावधान: कोसळून पडलेला कुत्रा काही मिनिटांत उठून उभा राहिला, म्हणून निर्धास्त होऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या ब्राऊन स्नेक आणि टायगर स्नेकच्या दंशात हे वारंवार दिसतं: कुत्रा अचानक पडतो, सावरतो, आणि नंतर त्याला लकवा येतो. ती मधली वेळ निघायची असते, वाट बघायची नव्हे.

## टप्पा 3: फोन, आणि तोही निघायच्या आधी

एकाने कुत्र्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने फोन करायचा. तुम्ही एकटे असाल तर मोबाइल स्पीकरवर टाका. एवढंच सांगा:

- कुत्र्याला साप चावला आहे, किंवा तशी दाट शंका आहे
- किती वाजता
- शरीराच्या कोणत्या भागावर
- आत्ता काय दिसतंय: सूज, रक्त, लाळ, लटपटणं, श्वास
- वजन, आणि पोहोचायला लागणारा वेळ

मग विचारा, "प्रतिविष आत्ता आहे ना?" तयारीच्या वेळी होतं म्हणून आजही असेल असं धरून चालू नका. आदल्या दिवशी ते दुसऱ्या जनावराला लागलेलं असू शकतं. "आहे" हे उत्तर आल्यावरच गाडी त्या दिशेला वळवा. नसेल तर यादीतला दुसरा क्रमांक लावा.

आधी कळवल्याचा आणखी एक फायदा आहे. भुकटीच्या रूपातलं प्रतिविष वापरण्याआधी निर्जंतुक पाण्यात विरघळवावं लागतं. कुपी जोराने हलवली तर फेस होतो, म्हणून ती तळहातावर हळूहळू फिरवत ठेवतात, आणि त्यात बराच वेळ जातो. तुम्ही रस्त्यात असतानाच सलाइन, सुया आणि ऑक्सिजनची जुळवाजुळव झालेली असली तर तेवढी मिनिटं वाचतात.

## टप्पा 4: निघताना काय करायचं नाही

ही यादी निघण्याच्या टप्प्यात मुद्दाम ठेवली आहे, कारण "गाडी येईपर्यंत काहीतरी करूया" या भरातच हे प्रकार घडतात.

आवळपट्टी बांधू नका. दोरी किंवा रुमाल घट्ट बांधल्याने विष थांबत नाही, पाय मात्र रक्ताविना मरू शकतो. व्हायपरच्या दंशात सगळं विष एका जागी कोंडल्याने तिथलं मांस आणखी सडतं. ऑस्ट्रेलियात काही सापांच्या दंशात पायावर रुंद पट्टी गुंडाळून तो स्थिर ठेवतात. ती पद्धत निराळी आहे, आणि फोनवर डॉक्टरांनी सांगितली तरच करायची. तोंडावरच्या दंशात तिचा उपयोगही नाही.

कापू नका, चोखू नका, दाबून रक्त काढू नका. रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असताना केलेला छोटा काप तासन्‌तास वाहतो.

बर्फ, शेक, लेप, पोटॅशियम परमँगनेट, विजेचा झटका यांपैकी काहीही नाही. जखम धूत-चोळतही बसू नका.

वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ही माणसांची औषधं कुत्र्याला एरवीही घातक ठरू शकतात. सर्पदंशात ती रक्तस्राव वाढवतात आणि आधीच धोक्यात असलेल्या मूत्रपिंडांवर घाव घालतात. पॅरासिटामॉलही नको. ॲलर्जीची गोळी विषावर काम करत नाही. घरात स्टेरॉइड असलं तरी ते स्वतःहून टोचू नका.

पाणी, दूध, अन्न, तेल तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायू ढिले पडायला लागले असतील तर तो घोट फुफ्फुसात जातो. तहानलेला दिसला तरी नाही.

एका गोष्टीला मात्र अपवाद आहे. थुंकणाऱ्या नागाचं विष डोळ्यात उडालं असेल, तर निघण्यापूर्वी आणि वाटेतही डोळा स्वच्छ पाण्याने धुवा. साधारण 15 मिनिटं सतत धार सोडायची, चोळायचं नाही. तसा कुत्रा पंज्याने डोळा खाजवणार नाही याकडे लक्ष द्या.

## टप्पा 5: उचलणं आणि वाटेतली पाहणी

कुत्रा स्वतः चालत गाडीत चढू शकत असला तरी उचलूनच न्या. लहान कुत्र्याला दोन्ही हातांवर आडवं घ्या, मोठ्याला चादरीवर. दंश झालेला भाग वर टांगलेला राहू देऊ नका, तो साधारण हृदयाच्या पातळीला किंवा किंचित खाली असू द्या.

दुखण्याने कळवळणारा कुत्रा आपल्या माणसालाही चावतो, मग तो कितीही गरीब स्वभावाचा असो. तोंडावर दंश नसेल, श्वास नीट असेल आणि उलटी होत नसेल तरच कापडी पट्टीने तोंड सैलसर बांधा. या तिन्हींपैकी एकही अडचण असेल तर तोंड बांधायचं नाही. अशा वेळी मानेभोवती जाड टॉवेलची सैल गुंडाळी करून डोकं आवरा. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींच्या नाकावर साप चावला तर थोड्या सुजेनेही श्वास अडतो. त्यांचं तोंड कधीच बांधू नका आणि मान सरळ, पुढे ताणलेली ठेवा.

गाडीत मागे बसणाऱ्याने दर पाच-दहा मिनिटांनी या गोष्टी बघायच्या:

- सूज: तिच्या कडेवर पेनाने रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. केस दाट असतील तर कात्रीने थोडे कापा. पुढे सरकत गेलेल्या रेघा डॉक्टरांना खूप काही सांगतात.
- हिरड्या: बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत आला पाहिजे. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसत असतील तर लगेच फोन करून कळवा.
- श्वास: शांत पडलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारण 15 ते 30 असतात. आकड्यापेक्षा पद्धत बघा: छाती न हलता फक्त पोट हलतंय का, श्वास उथळ होतोय का.
- पापण्या आणि मान: डोळे उघडे ठेवता येतात का? मान उचलता येते का?

श्वास थांबला आणि तुम्ही एकटेच असाल तर गाडी बाजूला घ्या. कुत्र्याला कुशीवर ठेवा, जीभ पुढे ओढून घशात काही अडकलं आहे का बघा, मग तोंड घट्ट मिटून त्याच्या नाकपुड्यांतून फुंकर घाला. छाती वर उचलली गेली पाहिजे. साधारण दर सहा सेकंदांनी एक श्वास. हृदयही थांबलं असेल तर छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा: 30 दाब, मग दोन श्वास. गाडी चालवणारा दुसरा कुणी असेल तर गाडी चालूच राहू द्या आणि हे मागे करत राहा.

सावधान: मज्जातंतूंवर परिणाम करणाऱ्या विषाने लुळा पडलेला कुत्रा मेल्यासारखा दिसतो, पण त्याची शुद्ध बऱ्याचदा हरपलेली नसते. त्याला ऐकू येत असतं, फक्त पापणीही हलवता येत नाही. हा लकवा उतरू शकतो. श्वास चालू ठेवला गेला तर असे कुत्रे पुन्हा उभे राहतात. "गेला" असं ठरवायची घाई करू नका, आणि त्याच्याशी बोलत राहा.

## टप्पा 6: दवाखान्यात पोहोचल्यावर

दंशाची वेळ, रेघांच्या वेळा, फोटो असल्यास फोटो आणि तयारीचा तो कागद पुढे करा. घरी काही दिलं असेल, बांधलं असेल, लावलं असेल तर स्पष्ट सांगा. इथे लपवण्याने औषधांची निवड चुकते.

पुढे काय होतं ते माहीत असलं की विनाकारण वाद होत नाहीत. विषबाधेची खूण स्पष्ट नसेल तर डॉक्टर लगेच प्रतिविष देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. साप चावूनही विष न सोडण्याचे प्रकार घडतात, आणि प्रतिविषाचीही तीव्र ॲलर्जी येऊ शकते. रक्त गोठतंय का हे बघायला थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरपी करतात. रक्त पातळच राहिलं तर गोठण्याची क्रिया बिघडली असं धरतात. ती 20 मिनिटं म्हणजे दिरंगाई नव्हे.

प्रतिविषाची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही. सापाने जेवढं विष सोडलं तेवढं निष्प्रभ करायचं असतं. साप कुत्रा लहान आहे म्हणून विष कमी सोडत नाही, उलट लहान शरीरात तेच विष जास्त घातक ठरतं. "एवढ्याशा पिल्लाला इतक्या कुप्या कशाला" हा आक्षेप मालक नेहमी घेतात, आणि तो चुकीचा आहे. प्रतिविष हळूहळू सलाइनमधून सोडतात. पहिल्या काही मिनिटांत अंगावर गांधी, उलटी, चेहऱ्यावर नवी सूज, धाप दिसली तर तत्काळ सांगा. त्यासाठी ॲड्रिनॅलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जी आवरणारं इंजेक्शन, हाताशी ठेवलेलं असतं.

नागाच्या दंशात मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत पोहोचायला मदत करणारं निओस्टिग्मिन हे इंजेक्शन, त्याचे दुष्परिणाम आवरणाऱ्या ॲट्रोपिनच्या जोडीने देतात. मण्यारीच्या विषाचा मारा मज्जातंतूच्या टोकावरच असल्याने तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही, मग भिस्त कृत्रिम श्वासावर असते.

तपासा: दंशानंतर लक्षणं नसली तरी साधारण 24 तास देखरेखीखाली ठेवायला सांगितलं तर ऐका. कोरल स्नेकसारख्या सापांच्या दंशात लक्षणं कित्येक तास उशिरा दिसतात. रात्री घरी आणलेला धडधाकट कुत्रा पहाटे श्वासासाठी झगडताना सापडतो तो यामुळेच.

## टप्पा 7: घरी आल्यानंतरचे दोन आठवडे

सूज उतरली की लोक पुढच्या तपासण्या टाळतात. मूत्रपिंडाचं नुकसान मात्र काही दिवस उशिराने वर येतं, विशेषतः घोणशीच्या दंशात. डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा करून घ्या. लघवीचा रंग रोज बघा. ती चहासारखी गडद किंवा लालसर झाली, किंवा अगदीच कमी झाली, तर तारखेची वाट बघू नका. रक्त गोठण्याची अडचण एकदा सुधारून पुन्हा उलटू शकते, म्हणून या काळात नखं कापणं, दात साफ करणं, दांडगाई, दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती बंद.

जखमेची कातडी तीन-चार दिवसांनी काळी पडून सुटू लागली तर घाबरू नका, पण दाखवा. मेलेलं मांस काढून ड्रेसिंग करावं लागतं. चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर हवी, मात्र मानेवर सूज शिल्लक असेल तर ती सैल बांधा आणि खाली दोन बोटं जातात का ते बघा.

प्रतिविष दिल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर गांधी, सांधे दुखून लंगडणं असं काही सुरू झालं, तर ती प्रतिविषावरची उशिराची प्रतिक्रिया असू शकते. तिच्यावर उपचार आहेत, फक्त प्रतिविष दिल्याची तारीख डॉक्टरांना सांगा.

एकदा साप चावून वाचलेल्या कुत्र्याला पुढच्या दंशाविरुद्ध भरवशाचं संरक्षण मिळत नाही, आणि एकदा प्रतिविष घेतलेल्या शरीराला दुसऱ्या वेळी ॲलर्जीचा धोका असतो. म्हणून दाराजवळच्या त्या कागदावर प्रतिविषाचं नाव, कुप्यांची संख्या, तारीख आणि आलेली प्रतिक्रिया लिहून ठेवा.